हळद आणि आमवात : आमच्या ग्राहकांसाठी

आम्ही सांगलीची राजापुरी हळकुंडं दळून विकतो. पाकीट हातात घेता घेता बरेच जण हळूच विचारतात, "ही रोज घेतली तर आमवाताच्या गोळ्या सुटतील का हो?" हळदीवरच आमचं घर चालतं, तरीही उत्तर 'नाही' असंच आहे. ते का, हे नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

वयोमानाने गुडघे झिजतात तो आजार वेगळा. ऱ्हुमॅटॉइड आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी बोटं आखडतात, तास-तासभर मोकळी होत नाहीत. सूज तशीच राहू दिली तर हाड कुरतडलं जातं आणि एकदा वाकडं झालेलं बोट गोळ्यांनी सरळ होत नाही. म्हणून सुरुवातीचे महिने फार मोलाचे.

हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनमुळे. प्रयोगशाळेत पेशींवर पाहिलं तर ते टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रथिन कमी करतं. आमवाताची काही महागडी इंजेक्शनं नेमकं यालाच अडवतात. त्यामुळे शास्त्रज्ञांना हळदीत रस वाटतो तो उगाच नाही.

माणसांवरचे प्रयोग मात्र लहान आहेत. आमवातावर १९८० साली भारतात झालेल्या अभ्यासात १८ रुग्ण होते, २०१२ च्या अभ्यासात ४५. दोन्हींत आराम दिसला, पण एवढ्याशा आकड्यांवर कुणाचे सांधे पणाला लावायचे नाहीत. आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो जपानमधला २००६ चा प्रयोग. तो अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या आजारावर होता. सहा महिन्यांत कर्क्युमिन घेणाऱ्या ४३ पैकी २ जणांचा आजार पुन्हा बळावला, न घेणाऱ्या ३९ पैकी ८ जणांचा. पण सगळ्यांची नेहमीची औषधं चालूच होती. कर्क्युमिन त्यांच्या जोडीला होतं, त्यांच्या जागी नव्हतं.

आता हिशेब करा. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. १९८० च्या अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम दिलं होतं, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम हळद! आमटी-भाजीतून एवढी पोटात जाणं शक्य नाही, आणि गेलं तरी कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही. मिऱ्यातल्या पायपरिनने ते कितीतरी जास्त उतरतं, हे बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजने १९९८ मध्ये दाखवलं. पण पायपरिन इतर काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

"हळदीचं पेटंट आपण जिंकलो की," असंही काही जण म्हणतात. १९९७ मध्ये अमेरिकेत रद्द झालं ते जखमेवर हळद लावण्याचं पेटंट. हा उपयोग आपल्याकडे आधीपासून माहीत होता, एवढंच त्यातून सिद्ध झालं. आमवाताचा तिथे प्रश्नच नव्हता.

स्वयंपाकातली हळद बिनधास्त खा, रात्री हळद-दूध आवडत असेल तर जरूर प्या. जपायचं ते कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्यांपासून. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, विशेषतः मिरीचा अर्क असलेल्या गोळ्यांनी. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध घेणाऱ्यांच्या यकृतावर तसंही लक्ष ठेवावं लागतं, त्यांनी तर कर्क्युमिनच्या गोळ्यांची बाटलीच डॉक्टरांना नेऊन दाखवावी. कर्क्युमिनच्या गोळ्या घेत असताना लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्या त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठा.