रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे
‘डेटाबेसची रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरची सतत अद्ययावत होणारी प्रत, चालू आहे, मग वेगळा बॅकअप कशाला?’ हा समज फार जुना आहे आणि घातकही. मूळ सर्व्हर बंद पडला तर रेप्लिका सावरून घेते. पण कोणी ‘व्हेअर’ ही अट न लावता नोंदी पुसणारी ‘डिलीट’ आज्ञा चालवली, तर तीच चूक सहसा काही क्षणांत रेप्लिकावरही उमटते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी-डंप (बॅकअप काढणारा प्रोग्राम) सुरू झाल्याच्या क्षणाचा डेटा देतो, नंतरच्या नोंदी नाहीत. चुकीच्या ऐन आधीपर्यंत परतायचं तर बेस बॅकअप (संपूर्ण डेटाबेसची प्रत) आणि त्यापुढच्या सलग वॉल फायली (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या), दोन्ही हव्यात.

आणि कृपया, बॅकअपमधून डेटा परत आणून, म्हणजे रिस्टोअर करून, बघाच. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा कुठे कळलं की पीजी-डंप आधीपासूनच अयशस्वी होत होता.