पत्ता बदलला तरी फोन ओळखू येतो

२०१३ साली लंडनच्या सिटी भागात रस्त्याकडेला जाहिरातींचे पडदे लावलेल्या कचरापेट्या होत्या. त्यांतल्या बारा पेट्यांमध्ये शेजारून जाणाऱ्या फोनची नोंद करणारी यंत्रं बसवलेली होती. फोन कोणत्या कंपनीचा, कोणत्या वेळी गेला, पुन्हा कधी दिसला, हे सगळं त्यांत जमा होत होतं. ज्यांच्या फोनची नोंद झाली त्यांनी कसलंही ॲप घेतलेलं नव्हतं की कुठल्या वाय-फायला फोन जोडलेला नव्हता. फोन खिशात चालू होता, एवढंच. बातमी बाहेर आल्यावर ऑगस्टमध्ये सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने, म्हणजे त्या भागाच्या पालिकेने, हा प्रकार थांबवायला सांगितलं.

यात फोन हॅक वगैरे काही केलेलं नव्हतं. वाय-फाय चालू असलेला फोन ओळखीचं नेटवर्क शोधण्यासाठी मधूनमधून आपणहून हाका मारतो. त्या प्रत्येक हाकेसोबत तेव्हा फोनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा वाय-फायवरचा पत्ता, जायचा. हा ४८ बिटांचा क्रमांक कारखान्यातच ठरतो आणि त्याचा पहिला अर्धा भाग कंपनी कोणती ते सांगतो. त्यात मालकाचं नाव नसतं. पण एकच क्रमांक रोज सकाळी स्टेशनवर, दुपारी दवाखान्यात आणि रात्री एका ठरावीक इमारतीत दिसू लागला, तर नाव शोधून काढायला फार कष्ट पडत नाहीत. म्हणून ‘आम्ही नाव घेत नाही, फक्त क्रमांक घेतो’ हा खुलासा मला कधीच पटलेला नाही.

उपाय सरळ होता: क्रमांक बदलत राहायचा. ॲपलने २०१४ मध्ये आयओएस ८ पासून नेटवर्क शोधताना बनावट क्रमांक वापरायला सुरुवात केली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नेटवर्कला वेगळा क्रमांक देण्याची सोय आपोआप चालू असते. बदललेला क्रमांक ओळखताही येतो. हा क्रमांक आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं वापरून लिहितात, आणि बदललेल्या क्रमांकात दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या तपशिलात जाऊन स्वतःच पाहा.

पण क्रमांक म्हणजे संपूर्ण ओळख नव्हे. अंधारात नाव न सांगताही माणूस आवाजावरून कळतो, तसं इथे होतं. वाय-फायच्या संदेशांना ० ते ४०९५ असा चढता अनुक्रमांक असतो. जुन्या काही फोनमध्ये मॅक ॲड्रेस बदलला तरी हा अनुक्रमांक जिथल्या तिथून पुढे चालू राहायचा, त्यामुळे जुना आणि नवा पत्ता एकाच फोनचा हे उघड व्हायचं. ब्लूटूथ उपकरणंही आपला पत्ता जोडून आपणहून संदेश सोडत असतात, आणि तिथेही असंच घडलं. २०१९ मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की विंडोज १० आणि ॲपलच्या उपकरणांमध्ये पत्ता आणि संदेशातला मजकूर एकाच क्षणी बदलत नाहीत. पत्ता बदलला तेव्हा मजकूर जुनाच, मजकूर बदलला तेव्हा पत्ता ओळखीचा. दोन्ही एकदम बदलले असते तर माग तुटला असता.

या चुका सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होतात. त्याहून खोलवरची अडचण २०२२ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चमूने मांडली. कोणतीही रेडिओ चिप अगदी अचूक बनत नाही. ठरलेल्या वारंवारितेपासून तिची लहर किंचित सरकलेली असते, लहरीच्या दोन घटकांचा तोलही थोडा बिघडलेला असतो. हा दोष चिपागणिक कमीजास्त असतो, म्हणून तोच तिचा ठसा ठरू शकतो. सार्वजनिक ठिकाणी टिपलेल्या १६२ उपकरणांपैकी ४० टक्के या ठशावरून इतरांपासून वेगळी काढता आली. म्हणजे निम्म्याहून अधिक उपकरणं वेगळी निघाली नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवं. शिवाय तापमानानुसार हा ठसा हलतो. तरीही हा दोष वापरणाऱ्याच्या हातातला नाही. तो झाकण्याची जबाबदारी चिप आणि फोन बनवणाऱ्यांचीच आहे.

हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या टॅगनी तर पेच उलटाच केला. टॅगचा पत्ता वारंवार बदलला तर मालकाचा माग कोणी काढू शकत नाही. पण तोच टॅग एखाद्याने बाईच्या पर्समध्ये लपवून टाकला, तर बदलत्या पत्त्यामुळे तिच्या फोनला ‘हा मघाचाच टॅग’ हे कळत नाही. ॲपल आणि गुगलने मिळून आखलेल्या नियमांत यातून वाट काढली आहे: मालक जवळ असताना पत्ता पंधरा मिनिटांनी बदलायचा, मालकापासून दुरावलेला टॅग मात्र दिवसभर एकच पत्ता ठेवतो. मे २०२४ पासून या नियमांनुसार आयफोन आणि अँड्रॉइड, दोन्हींवर परक्या टॅगची सूचना येऊ लागली. मालकाची थोडी गोपनीयता कमी झाली, पण पाठलाग होणाऱ्या व्यक्तीचा जीव अधिक मोलाचा, म्हणून हा निर्णय मला योग्य वाटतो. अशी सूचना आली तर ती ‘नंतर बघू’ म्हणून पुसून टाकू नका.

घरच्या राउटरचं नाव लपवण्याचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो टाळावा. लपवलेलं नेटवर्क स्वतःहून नाव सांगत नाही, त्यामुळे फोनलाच ते नाव घेऊन विचारत फिरावं लागतं, बाजारात आणि बसमध्येसुद्धा. वाय-फाय बंद करण्याबाबतही असाच गैरसमज आहे. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधलं बटण दाबून वाय-फाय किंवा ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही, फक्त जोडणी सुटते. पूर्ण बंद करायचं तर सेटिंग्जमध्येच जावं लागतं. अँड्रॉइडमध्ये लोकेशनच्या सेटिंग्जखाली वाय-फाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग असे दोन वेगळे पर्याय असतात. वाय-फाय आणि ब्लूटूथची बटणं बंद केली तरी हे दोन्ही चालू राहू शकतात.