सेन्सबरी घराण्यातील आजीव उमराव

लंडनमधील किराणा व्यापारातून नावारूपाला आलेल्या सेन्सबरी या इंग्रज घराण्यातील तिघांना ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात आजीव उमराव (ज्याचा किताब केवळ त्याच्या हयातीपुरता असतो, वारसाकडे जात नाही) म्हणून जागा मिळाली : अ‍ॅलन (१९०२–९८), त्यांचे पुत्र जॉन (१९२७–२०२२) आणि पुतणे डेव्हिड (जन्म १९४०). तिन्ही उमरावक्या स्वतंत्रपणे दिलेल्या आहेत, वारशाने आलेली त्यांत एकही नाही. मराठी मजकुरात नुसते ‘लॉर्ड सेन्सबरी’ छापलेले असते, तेव्हा नेमका कोण हे बहुधा सालावरूनच ताडावे लागते. म्हणून येथे किताबांची फोड जरा विस्ताराने केली आहे.

घराण्याचे पहिले दुकान लंडनच्या ड्रूरी लेनमध्ये १७३ क्रमांकाच्या जागेत निघाले. त्याचा आरंभ सामान्यतः १८६९ चा मानतात. जॉन जेम्स सेन्सबरी आणि मेरी अ‍ॅन यांचे लग्नही त्याच वर्षी झाले. संस्थापक म्हणून एकट्या जॉन जेम्स यांचे नाव घेण्याची जुनी रीत आहे. परंतु आरंभीच्या दूध-लोण्याच्या व्यापारात पती-पत्नींचा वाटा बरोबरीचा होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आजीव उमरावकीचा उगम हा वादाचा विषय आहे. मध्ययुगातही केवळ हयातीपुरते किताब दिले जात, असे काही अभ्यासक दाखवतात. पुढे राजांच्या मर्जीतील स्त्रियांना असे किताब मिळाले, मात्र त्यांबरोबर सभागृहात आसन मिळत नसे. १८५६ मध्ये न्यायाधीश जेम्स पार्क यांना ‘बॅरन वेन्सलीडेल’ (बॅरन हा उमरावाचा एक दर्जा, बोलताना ‘लॉर्ड’) ही हयातीपुरती उमरावकी देण्यात आली. तेव्हा राजसत्तेच्या विशेषाधिकाराने दिलेल्या अशा किताबामुळे सभागृहात बसता येत नाही, असा निर्णय उमरावांनीच दिला आणि पार्क यांना नेहमीची वंशपरंपरागत उमरावकी द्यावी लागली. १८७६ च्या कायद्याने केवळ न्यायदानासाठी नेमलेल्या उमरावांपुरती वाट मोकळी झाली. सर्वसाधारण आजीव उमरावकी मात्र १९५८ च्या कायद्यापासूनच धरणे इष्ट. सेन्सबरींचे तिन्ही किताब याच कायद्याखालचे आहेत.

किताबातील स्वल्पविराम येथे महत्त्वाचा ठरतो. अ‍ॅलन यांना १९६२ मध्ये मिळालेला किताब ‘बॅरन सेन्सबरी, ऑफ ड्रूरी लेन इन द बरो ऑफ हॉबर्न’ असा आहे. यातील स्वल्पविरामापुढचा भाग हा केवळ स्थलनिर्देश होय. खरा किताब ‘बॅरन सेन्सबरी’ एवढाच. तो हयात व्यक्तीकडे असल्याने १९८९ मध्ये जॉन यांना वेगळा किताब घेणे भाग पडले. तो ‘बॅरन सेन्सबरी ऑफ प्रेस्टन कँडोव्हर, ऑफ प्रेस्टन कँडोव्हर इन द काउंटी ऑफ हॅम्पशर’ असा आहे. गावाचे नाव दोनदा आले ही छपाईची चूक नव्हे. पहिल्यांदा ते किताबाचा भाग म्हणून येते, दुसऱ्यांदा स्थलनिर्देश म्हणून. डेव्हिड यांच्या १९९७ च्या किताबात बकिंगहॅमशरमधील टर्व्हिल हे गाव असेच दोनदा येते. ऑक्टोबर १९९७ पासून अ‍ॅलन यांच्या निधनापर्यंत, म्हणजे सुमारे वर्षभर, तिघेही एकाच वेळी सभागृहाचे सदस्य होते.

राजकारणात तिघांच्या वाटा निराळ्या. अ‍ॅलन यांनी १९२९, १९३१ आणि १९३५ च्या निवडणुका सडबरी मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे लढवल्या, पण यश आले नाही. १९४५ मध्ये ते मजूर पक्षात आणि १९८१ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेले. ग्राहकाने स्वतः माल उचलायचा ही अमेरिकी पद्धत त्यांनी १९५० मध्ये क्रॉयडनच्या दुकानात आणली. तेव्हा संतापलेल्या एका गिऱ्हाइकाने तारेची टोपली त्यांच्या अंगावर फेकल्याची कथा सांगितली जाते. औषध उद्योग आणि राष्ट्रीय आरोग्यसेवा यांच्या संबंधांची तपासणी करणाऱ्या समितीचे ते १९६५ ते ६७ या काळात अध्यक्ष होते.

जॉन हुजूर पक्षाचे. १९६९ ते १९९२ ते घराण्याच्या दुकानांच्या ‘सेन्सबरी’ कंपनीचे अध्यक्ष होते आणि १९७३ मध्ये त्यांच्याच काळात कंपनीचे समभाग बाजारात आले. नॅशनल गॅलरीची ‘सेन्सबरी विंग’ (१९९१) ही त्यांची आणि सायमन व टिमथी या भावांची देणगी. वास्तुरचना रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांची. प्रवेशदालनात छताचा भार न पेलणारे दोन खांब होते. जॉन यांना ते मुळीच पसंत नव्हते. बांधकाम चालू असताना, जुलै १९९० मध्ये, त्यांनी एक पत्र टंकलिखित करून त्यांपैकी एका खांबात ठेवले. हे खांब ही वास्तुकाराची चूक आहे आणि तुमच्या पिढीने ते काढायचे ठरवले याचा एका देणगीदाराला मनापासून आनंद आहे, असा त्याचा आशय. २०२३ मध्ये नूतनीकरणासाठी खांब फोडले तेव्हा पत्र हाती आले. जॉन यांचे निधन आदल्याच वर्षी झाले होते. पत्र आता गॅलरीच्या अभिलेखागारात आहे.

डेव्हिड १९९२ ते ९७ कंपनीचे अध्यक्ष आणि १९९८ ते २००६ मजूर सरकारात विज्ञानमंत्री होते. मंत्रिपदाचे वेतन त्यांनी घेतले नाही. जनुकीय फेरफार केलेल्या पिकांमधील त्यांच्या रसामुळे हितसंबंधांचा प्रश्न उपस्थित झाला. पक्षाला दिलेल्या २० लाख पौंडांच्या कर्जाबाबत चुकीची माहिती दिल्याबद्दल २००६ मध्ये त्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्यांनी १९६७ मध्ये स्थापलेल्या गॅट्सबी न्यासाने वनस्पतिविज्ञानाला दिलेले पाठबळ हे त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य मानावे लागेल. नॉरिच आणि केंब्रिज येथील सेन्सबरी प्रयोगशाळा त्यातूनच उभ्या राहिल्या. २०११ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठाचे कुलपती निवडून आले. १८४७ नंतर प्रथमच या पदासाठी मतदान झाले. विरोधी उमेदवारांत मिल रोडवरचा एक किराणा दुकानदारही होता. त्या रस्त्यावर सेन्सबरीची शाखा निघण्याला त्याचा विरोध होता.

डेव्हिड यांचे वडील रॉबर्ट आणि जॉन यांचे धाकटे बंधू टिमथी यांना ‘सर’ हा किताब मिळाला, उमरावकी नाही. टिमथी १९७३ ते १९९७ होव्ह मतदारसंघाचे खासदार होते.