आधी शेती, मग बिअर: म्युनिक आणि कान्श्टाटच्या शरद मेळ्यांची पार्श्वभूमी

१२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा (आज हा जर्मनीचा प्रांत आहे) युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेझे यांचं लग्न झालं. पाच दिवसांनी म्युनिकच्या वेशीबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत लावली गेली. कल्पना होती आंद्रेआस दाल'आर्मी या नॅशनल गार्डमधल्या (नागरिकांच्या फौजेतल्या) बँकवाल्याची. बव्हेरियाला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे नव्यानं जोडलेल्या मुलखातली प्रजा एका राजाभोवती गोळा करणं हा हेतू लपून राहण्यासारखा नव्हता. वधूच्या नावावरून माळाचं नाव तेरेझिएनवीझे पडलं. ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे म्युनिकचा बिअर मेळा, आजही तिथेच भरतो. बिअर त्या दिवशीही होती, पण बाजूच्या उतारावर. लोक आले ते घोडे बघायला.

पुढच्याच वर्षी, १८११ मध्ये, शर्यतीला कृषी प्रदर्शन जोडलं गेलं. चांगला बैल, चांगलं बियाणं दाखवा आणि बक्षीस न्या, असा मामला. ते प्रदर्शन संपलेलं नाही. माळाच्या दक्षिण टोकाला ते दर चार वर्षांनी भरतं आणि बिअरच्या तंबूंत अडकलेले पाहुणे तिकडे फिरकतही नाहीत. घोड्यांची शर्यत मात्र १९३८ नंतर बंद पडली. १९६० साली दीडशे आणि २०१० साली दोनशे वर्षांच्या निमित्तानं तेवढी झाली.

शेतीचा धागा जास्त ठळक दिसतो तो श्टुटगार्टमधल्या कान्श्टाट भागाच्या मेळ्यात. श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर. मर्सिडीज आणि बॉशमुळे तिथे मराठी इंजिनिअरही बरेच आहेत. त्यांच्यातले बहुतेक हा मेळा ‘म्युनिकची छोटी आवृत्ती’ समजतात. हे चूक आहे. दोन्ही मेळ्यांत बाकं तशीच आणि बिअरचे मगही तसेच, पण जन्मकथा अगदी वेगळी.

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ वातावरणात पसरली आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्ट ज्याची राजधानी होती त्या राज्यात, पिकं शेतातच कुजली, भाव भडकले, पिठात भुसा मिसळून पाव भाजायची पाळी आली. त्याच वर्षी गादीवर आलेला राजा विल्हेल्म पहिला आणि राणी कातरीना यांनी मदतकार्य उभारलं. राणीनं बचत बँक काढली, तर राजानं १८१८ मध्ये होहेनहाइमला शेतकी संस्था काढली, तेच आजचं विद्यापीठ. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला, राजाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, नेकार नदीकाठी पहिला मेळा भरला. एकाच दिवसाचा. उत्तम जनावरांना बक्षिसं, शर्यत आणि मधोमध फळं, भाज्या, धान्य यांनी सजवलेला उंच स्तंभ. दुष्काळातून वर आलेल्या मुलखानं पीक असं खांबावर चढवून मिरवलं होतं. आजचा स्तंभ २६ मीटर उंच आहे आणि मेळा सतरा दिवसांचा झाला आहे. मुख्य कृषी प्रदर्शन इथेही दर चार वर्षांनी असतं.

मग बिअर मध्यभागी कशी आली? त्यासाठी मागे जावं लागतं. बव्हेरियातली बहुतेक बिअर थंडीत काम करणाऱ्या, तळाशी बसणाऱ्या यीस्टवर बनते. तिला साधारण ५ ते १० अंश तापमान लागतं. उन्हाळ्यात माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) उकळलेला काढा वेळेत थंड होत नसे, त्यात नको ते जिवाणू शिरत आणि माल आंबट होई. शिवाय भट्ट्यांमुळे आगीचं भय. म्हणून १५५३ च्या फर्मानानं बिअर बनवायला २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढीच मुदत ठेवली. उन्हाळ्याची तहान भागवायची तर मार्चमध्येच जास्त माल्ट आणि जास्त हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून टिकाऊ बिअर करायची आणि तळघरात ठेवायची. हीच मार्त्सन. तळघर गार राहावं म्हणून हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आत रचत आणि वर चेस्टनटची झाडं लावत. पानं रुंद, मुळं उथळ, त्यामुळे सावली मिळते आणि तळघराच्या कमानी फुटत नाहीत. त्या सावलीतच बिअर गार्डन जन्मलं.

नवा हंगाम सुरू होण्याआधी पिंपं रिकामी करायची म्हणून ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला, ही कथा गाईड मंडळी हमखास सांगतात. ऐकायला छान आहे, पण तारीख ठरली ती लग्नावरून. १८७२ पासून मेळा सप्टेंबरात सरकला. कारण साधं: म्युनिकच्या ऑक्टोबरातल्या रात्री उघड्यावर बसवत नाहीत. त्याच सुमारास तिथे मार्त्सन रुळली. काही वर्षांत अभियंता कार्ल फॉन लिंडेच्या शीतयंत्रानं हंगामाची अडचणच संपवली आणि १८८१ मध्ये अख्खा बैल भाजणारा तंबूही आला. महापौरानं बारा वाजता पिंपाला तोटी ठोकायची ‘परंपरा’ मात्र १९५० ची आहे. आता मिळते ती बहुधा तांबूस मार्त्सन नसून सोनेरी फेस्टबिअर, सुमारे ६ टक्क्यांची आणि फक्त म्युनिकच्या सहा ब्रूअरींची.

इथेच नवख्यांचं गणित चुकतं. बिअरचा मग एक लिटरचा. म्हणजे ६० मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या सात टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत ते सुमारे ४५ असतं. चव गोडसर आणि सौम्य असल्यानं दुसरा मग कधी संपला हे कळत नाही. आधी पोटात काहीतरी हवं: भाजलेली अर्धी कोंबडी, काठीवर भाजलेला मासा, किंवा शाकाहारींसाठी चीज घातलेले श्पेट्झले (अंड्याच्या पिठाच्या मऊ शेवया). पातळ चक्राकार कापलेल्या मुळ्याला मीठ लावून पाणी सुटेपर्यंत थांबायचं, मगच खायचा. नाहीतर नुसता झणझणीत लागतो. फेस खाली बसल्यावर बिअर एक लिटरच्या रेषेखाली दिसली तर भरून मागावी. कमी ओतण्याविरुद्ध म्युनिकमध्ये १८९९ मध्ये चक्क संघटना निघाली होती, तेव्हा लाजायचं कारण नाही.

म्युनिकचा मेळा १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि सहसा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संपतो. बसायला जागा नसेल तर तंबूत बिअर मिळत नाही. शनिवारी तंबू लवकर भरून बंद होतात, म्हणून आरक्षण नसेल तर आठवड्यातल्या साध्या दिवशी दुपारच्या आत पोचावं. तीन लिटरहून मोठी बॅग आत सोडत नाहीत. तेरेझिएनवीझे स्टेशन गर्दीनं तुंबतं; गोएथेप्लात्झला उतरून चालणं बरं. कान्श्टाटचा मेळा जवळपास त्याच दिवसांत असतो, त्यामुळे दोन्ही एका सहलीत होतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेलात तर उत्तरेला ब्रेमेनचा फ्रायमार्क्ट हा मेळा आहे, ज्याचा बाजारहक्क १०३५ सालचा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास नैऋत्य जर्मनीतल्या बाड ड्युर्कहाइम गावाचा वुर्स्टमार्क्ट भरतो. नावात सॉसेज असलं तरी मेळा वाइनचा आहे. त्या दिवसांत त्या भागात फेडरवायसर, म्हणजे अजून आंबत असलेला द्राक्षरस, कांद्याच्या केकबरोबर मिळतो. त्याच्या बाटलीचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात, नाहीतर वायूनं बाटली फुटेल. परतीच्या गाडीत ती उभीच धरावी. आडवी ठेवली तर सगळी बॅगेत सांडते.