चम्मकच्या ताम्रपटातले १० ८

‘अरबी अंक (1, 2, 3) अरबांचे नव्हेत’ हा फॉरवर्ड परवा आमच्या गावच्या ग्रुपवर आला. एवढे खरे आहे. खुद्द अरब त्यांना हिंदी अंकच म्हणत. पण पुढे ‘रोमन लोक अडाणी, आपल्याकडे शून्य वेदकाळापासून’ हेही होते. म्हणून मी चम्मक ताम्रपटाच्या छापील वाचनाचा फोटो टाकला.

चम्मक अचलपूरजवळ. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात हे गाव, तेव्हाचे चर्मांक, एक हजार ब्राह्मणांना दान दिले. वर्षाच्या जागी छापले होते : १० ८. पुतण्या म्हणाला, “काका, हे त एकशे आठ हाय! जपमाळेचा आकडा!” लगेच दहा जणांनी हात जोडले.

आकडा अठरा आहे, राजाच्या कारकिर्दीचे अठरावे वर्ष. ब्राह्मी या जुन्या लिपीच्या अंकांत दहाला एक चिन्ह, विसाला वेगळे, शंभराला आणखी वेगळे. पटावर दहाचे चिन्ह (छापताना त्याचे १० झाले), पुढे आठाचे, आणि बेरीज आपण करायची. रोमन अठरा असाच : एक्स दहा, व्ही पाच, पुढे तीन आय. त्याच पटात जमीन ८००० मोजली आहे, तिथेही एकही शून्य नाही; हजाराच्या चिन्हाला आठ जोडला की झाले. म्हणजे या बाबतीत आपले लेखनिक आणि रोमन एकाच बंडीतले.

आता तुरीचे दाणे घ्या. जमिनीवर शतक, दशक, एकक असे तीन रकाने आखा. एकशे आठ म्हणजे शतकात एक दाणा, दशक रिकामे, एककात आठ. रकाने दिसतात तोवर अडचण नाही. रोमन हिशेबनीस अशाच पाटीवर खडे सरकवून भराभर हिशेब करत, त्यामुळे अडाणी म्हणणे चूकच. लॅटिनमध्ये खड्याला कॅल्क्युलस म्हणतात. आता रकान्यांच्या रेघा पुसा आणि फक्त आकडे लिहा : १ ८. एकशे आठाचे अठरा झाले! रिकाम्या रकान्यालाही खूण हवी. ती खूण म्हणजे शून्य. ती मिळाली की रेघा लागत नाहीत, आकड्याची किंमत त्याची जागाच ठरवते. अठराची दहापट? १८०, एक टिंब वाढले. रोमनमध्ये तीच संख्या सी, एल आणि तीन एक्स. मूळच्या अठराचा मागमूस उरत नाही.

एका स्थानाहून पुढचे स्थान दहापट, हे आर्यभटाने ४९९ च्या सुमारास सांगितले, शून्याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिले, आणि ग्वाल्हेरच्या ८७६ च्या शिलालेखात २७० व ५० आजच्यासारखे गोल शून्य घेऊन बसले आहेत. पुढे बगदादचा गणिती अल्-ख्वारिझ्मी याने हे अंक अरबीत समजावले, मग १२०२ मध्ये पिसाचा लिओनार्दो (फिबोनाची) याने युरोपला. शून्याचे अरबीत सिफ्र झाले, त्यातून झीरो.

युरोप मात्र लगेच पाघळला नाही. फ्लॉरेन्सच्या सराफ संघाने १२९९ मध्ये हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायला मनाई केली. शेवटी एक टिंब लावले की रक्कम दहापट, ही भीती आपल्यालाही आहेच. म्हणून तर पावतीवर ‘अक्षरी रुपये’ असते. चम्मकच्या लेखनिकानेही १० ८ च्या आधी अक्षरी लिहून ठेवले होते : अष्टादश. पुतण्याने ते वाचले नव्हते.