जांघेतले डाग : धोब्यापासून ट्यूबपर्यंत

पावसाळ्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मेडिकलवर एक गिऱ्हाईक हमखास दिसतं. दुकान रिकामं होईपर्यंत बाजूला उभं राहतं आणि मग हळूच म्हणतं, 'खाजेची ट्यूब द्या.' तुर्भ्याच्या मार्केटात गोणी वाहणारा माथाडी असेल, घोडबंदर रोडवर दिवसभर दुचाकीवर बसलेला डिलिव्हरीवाला असेल, नाहीतर पॉलिस्टरच्या गणवेशातला वॉचमन. जांघेत आधी लाल कडं येतं, मग काळा डाग पडतो, कधी शेवटी पांढुरकी पातळ कातडी उरते. या तिन्ही रंगांमागे मोठा इतिहास आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट हवी. लिंग, अंडकोषाची पिशवी आणि जांघ ही जागा वयात आल्यावर हार्मोनमुळे बाकीच्या अंगापेक्षा काळीच होते. लिंगाखालून पिशवीवर जाणारी गडद रेघही जन्मजात असते. खाज नाही, खवले नाहीत आणि रंग वर्षानुवर्षं तसाच असेल तर तो आजार नाही. तिथे गोरेपणाचं क्रीम लावलं तर जळजळ होते आणि रंग आणखी गडद होतो.

जांघेतल्या नायट्याचं वर्णन व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी 1860 मध्ये केलं. इंग्रजांच्या काळात त्याला 'धोबी इच' हे नाव चिकटलं, कारण सैनिकांना वाटे की हे धुलाईच्या कपड्यांतून येतं. धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करत, आणि तो रस अंगाला लागून काहींची कातडी खरोखर पोळायची. नायटा म्हणजे बुरशी आणि बिब्ब्याचं पोळणं म्हणजे ॲलर्जी, पण दोन्ही एकाच नावाखाली गेले. आजही कोणी जांघेत बिब्बा किंवा लसूण चोळला, तर मागे राहणारा काळा डाग नायट्याचा कमी आणि पोळल्याचा जास्त असतो.

खरं वळण 1952 मध्ये आलं. त्या वर्षी सुल्झबर्गर आणि विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन हे सूज-खाज दाबणारं स्टेरॉइड कातडीवर लावून गुण येतो हे दाखवलं. पुढे क्लोबेटासोलसारखी कितीतरी पटींनी जहाल स्टेरॉइडं आली आणि आपल्याकडे तीच बुरशीच्या व जंतूंच्या औषधांत कालवून एकाच ट्यूबमध्ये विकली जाऊ लागली. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणसाला वाटतं औषध लागू पडलं. प्रत्यक्षात स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकार दबतो, कड्याची ओळखीची कडा पुसली जाते आणि बुरशी शांतपणे मांडीकडे, नितंबाकडे सरकते. या बदललेल्या रूपाला 1968 मध्ये 'टिनिया इनकॉग्निटो', म्हणजे ओळख लपवलेला नायटा, असं नाव मिळालं.

जांघच का बिघडते, याचं उत्तर 1967 च्या एका मोजणीत आहे. हाताच्या पुढच्या भागातून हायड्रोकॉर्टिसोन जितकं आत शिरतं, त्याच्या सुमारे 42 पट ते अंडकोषाच्या कातडीतून शिरतं. हातावर जी ट्यूब काही दिवस चालून जाते तीच तिथे कातडी पातळ करते, शिरा दिसू लागतात, रंग उडतो. जांघेच्या घडीत गर्भारपणासारखे पट्टे पडतात, आणि ते आयुष्यभर जात नाहीत.

अशा मलमांना चिठ्ठीविना विक्रीची पळवाट मुळात कायद्यातच होती. शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, स्टेरॉइडं होती, पण बाहेरून लावायची औषधं त्यातून वगळलेली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी सतत पाठपुरावा केल्यावर मार्च 2018 मध्ये 14 स्टेरॉइडांची ही सवलत काढली गेली. कागदावर नियम बदलला, काउंटरवर मात्र तितका नाही. त्यातच टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद न देणाऱ्या बुरशीला 2020 मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव मिळालं. म्हणून आता पंधरा दिवसांत नायटा जाईल असं धरून चालता येत नाही.

तपासणी सोपी आहे. कड्याच्या कडेचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आधी मलम लावलं असेल तर बुरशी सापडणं अवघड होतं, म्हणून जाताना ट्यूब सोबत न्यावी. साधं बुरशीचं मलम कड्याच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायचं आणि खाज थांबल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. घरात आणखी कोणाला असेल तर सगळ्यांनी एकदमच उपचार घ्यायचे. टॉवेल वेगळा हवा. पावसाळ्यात चड्डी दमट राहिली तर शिवणीवर इस्त्री फिरवून मगच घालावी. बुरशी मेल्यावरही काळा डाग काही महिने राहतो. तो डाग बघून पुन्हा ट्यूब आणणं हीच नेहमीची चूक.

लिंगाच्या टोकावरचा गोल जांभळट-काळा डाग हा वेगळाच प्रकार, आणि त्याच्यावरून घरात विनाकारण संशय उभे राहतात. जुलाबाची, दुखण्याची किंवा सल्फाची गोळी घेतल्यावर काही तासांत तो त्याच जागी लाल होतो, जळजळतो, कधी फोड येतो आणि नंतर काळा पडतो. फ्रान्सच्या ब्रोक यांनी 1894 मध्ये याचं वर्णन केलं. त्या जागेच्या कातडीत औषध 'लक्षात ठेवणाऱ्या' पेशी बसलेल्या असतात, म्हणून पुढच्या वेळी डाग तिथेच उमटतो. हा गुप्तरोग नाही. गोळीचं नाव लिहून ठेवायचं आणि ती पुन्हा घ्यायची नाही, इतकाच उपाय.

पांढऱ्या डागांत कोड असू शकतो. तो कुष्ठरोग नाही आणि संसर्गजन्यही नाही, पण 'श्वेतकुष्ठ' या जुन्या शब्दाने फार माणसं दुखावली. कोडावर वापरलं जाणारं बावचीचं तेल तिथे लावलं तर कातडी भाजते. पुढची कातडी पांढरी, कडक होऊन मागे सरकेनाशी झाली तर तो लायकेन स्क्लेरोसस असू शकतो, आणि त्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्लोबेटासोलच देतात. कातडीला उभ्या चिरा पडत असतील तर आधी साखर तपासावी; मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनीही तिथे बुरशी वाढते. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा आकार-रंग बदलणारा, रक्त येणारा डाग असेल तर तुकडा काढून तपासतात. सरकारी दवाखान्यात हा विभाग 'त्वचा व गुप्तरोग' या एकाच पाटीखाली असतो. पाटीवरच्या दुसऱ्या शब्दाकडे बघून परत फिरू नये. केसपेपर त्याच खिडकीवर निघतो.