वास मेलेल्याचा नव्हे

घरात कुठेतरी उंदीर मेला की पहिल्या दिवशी सगळे भलत्याच गोष्टींवर संशय घेतात. कोणी ओलं पायपुसणं हुंगतं, कोणी फ्रिज उघडून परवाची उसळ टाकून देतं. दुसऱ्या दिवशी मात्र शंका उरत नाही. कपाट सरकवावंच लागतं.

माणसाच्या मृतदेहाला येणारा वास याच कुळातला. त्याला आपण प्रेताचा वास म्हणतो, पण तो खरं तर जिवंतांचा असतो. तो सोडतात ते जिवाणू, आणि त्यातले बहुतेक आपणच जन्मभर आतड्यात पोसलेले असतात.

हृदय थांबलं की पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो आणि त्यांच्यातली विकरं त्यांनाच पचवू लागतात. इथवर नाकाला फारसं काही कळत नाही. पण प्राणवायू संपल्यावर त्याच्याशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं, आणि त्यांना अडवणारी प्रतिकारशक्ती तर गेलेलीच असते. पहिली खूण बहुधा पोटाच्या उजव्या बाजूला, खाली दिसते. मोठं आतडं तिथे सुरू होतं आणि ते कातडीला जवळ असतं. जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला भिडतो आणि हिरवट डाग उमटतो. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याला एक दिवसही पुरतो. मुलगा परदेशातून यायचा असला की बर्फाच्या लाद्या मागवतात त्या यासाठीच. शवागारातल्या चार अंशांच्या आसपासच्या थंडीत जिवाणू मरत नाहीत, फक्त सुस्तावतात.

या वासाचं रसायन म्हणून दोन नावं हमखास सांगितली जातात : कॅडॅव्हरिन आणि प्युट्रेसिन. 1885 च्या सुमारास बर्लिनमधल्या लुडविग ब्रीगर या डॉक्टरने ती सडलेल्या ऊतींतून वेगळी केली. नावंही शोभेशी ठेवली. एक लॅटिनमधल्या ‘प्रेत’ या शब्दावरून, दुसरं ‘सडणं’ यावरून. लायसिन आणि ऑर्निथिन या अमिनो आम्लांवर जिवाणूंनी काम केलं की ती तयार होतात. पण मला वाटतं, या जोडगोळीला नावामुळेच जास्त भाव मिळाला. प्युट्रेसिन जिवंत पेशींतही असतं, मुरलेल्या चीजमध्ये असतं, आणि कॅडॅव्हरिन तर तोंडाच्या दुर्गंधीतही सापडतं. नुसत्या या दोघांवरून प्रेत ओळखायचं, तर सकाळी दात न घासलेला माणूसही संशयित ठरेल.

नाकात खरा घुसतो तो गंधक. मेथिओनिन आणि सिस्टीन या गंधकवाल्या अमिनो आम्लांपासून हायड्रोजन सल्फाइड, मिथेनथायॉल, डायमिथाइल डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड अशी पिलावळ निघते. अब्जावधी रेणूंत यांचे मोजके रेणू असले तरी आपल्याला कळतात. सोबत विष्ठेतलेच इंडोल आणि स्कॅटोल, खवट लोण्याचं ब्युटिरिक आम्ल आणि अमोनिया. या मिश्रणाचं प्रमाण रोज बदलतं, म्हणून तिसऱ्या दिवसाचा वास आणि तिसऱ्या आठवड्याचा वास एक नसतो.

त्यात एक गोडसर झाकही असते. ती सगळ्यात विचित्र वाटते, आणि तिचा एक धागा बेल्जियममध्ये सापडतो. लूव्हेन विद्यापीठात एवा कायपर्स, एलिन रोझिये आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या 6 आणि प्राण्यांच्या 26 मृत नमुन्यांवरची हवा सहा महिने तपासली. 2015 साली त्यांनी 452 संयुगं नोंदवली. त्यातल्या आठांमुळे माणूस आणि डुक्कर बाकीच्या प्राण्यांपासून वेगळे काढता आले. या दोघांना एकमेकांपासून वेगळं करायला मात्र पाच एस्टर लागले. एस्टर म्हणजे फळांना सुवास देणारं घराणं. अशा अभ्यासांत माणसाऐवजी सर्रास डुक्कर का वापरतात, तेही यातून कळतं. सडताना आपण त्याच्या फार जवळ असतो.

शोधपथकातल्या कुत्र्याला ही यादी कोणी पाठ करून देत नाही, त्याला अख्खा गुच्छ ओळखायचा असतो. 2025 च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या श्रीशैलम डाव्या कालव्याचा बोगदा कोसळला, तेव्हा चिखलात गाडल्या गेलेल्यांना शोधायला केरळ पोलिसांची माया आणि मर्फी ही कुत्री नेली होती. माणसाचं नाक अशा ठिकाणी लवकर हार मानतं. काही मिनिटांत आपलं नाक मरतं, आणि शवविच्छेदनाच्या खोलीत उभं राहता येतं ते त्यामुळेच.

या वासाचा एक नातेवाईक आपल्या स्वयंपाकघरात बसलेला असतो. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरमध्ये एथिल मरकॅप्टन घालतात. तेही गंधकाचंच संयुग, आणि सडत्या मांसातूनही निघतं. 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियात एका तेलकंपनीच्या लोकांनी पाहिलं, की गॅसची पाइपलाइन गळते तिथे टर्की गिधाडं घिरट्या घालतात. मेजवानीचं आमंत्रण समजून आलेली बिचारी! गळती शोधायला पक्ष्यांचाच उपयोग झाला. आपल्याकडची गिधाडं मात्र मुख्यतः नजरेवर चालतात, त्यांना सिलिंडर फसवणार नाही.

माश्या फसतात. प्रेतावर पहिल्या काही मिनिटांत पोचणाऱ्या निळ्या-हिरव्या माश्या गंधकाच्या याच संयुगांच्या मागावर येतात, आणि काही वनस्पतींनी ते हेरलंय. पावसाच्या सुरुवातीला परसातल्या सुरणाला फूल आलं, तर घरातले पुन्हा मेलेला उंदीर शोधू लागतात. जांभळट, मांसल, पान नसताना जमिनीतून थेट वर आलेलं ते फूल सडक्या मांसाचा वास सोडतं. मधला दांडा चक्क गरम होतो, म्हणजे वास लांबवर जावा. माश्या आणि भुंगेरे येतात, पराग अंगाला लावून जातात, खायला काही मिळत नाही.

याच सुरणाचं रानातलं भावंड म्हणजे शेवळं, पावसाळी रानभाजी. जूनमध्ये वसई, पालघर, ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात. घशाला खाज सुटू नये म्हणून सोबत काकडे, म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट फळं, घालायचे, आणि जुडी घेताना मिटलेली, कोवळी बघून घ्यायची. उमललेलं शेवळं माश्यांसाठी असतं.